तिसरी जागा

मीरान आली तेव्हा रविवारची दुपार होती आणि आसावरी मेथी निवडत बसली होती. दार तिच्या नवऱ्याने, यतीनने उघडलं. मीरानने नेहमीप्रमाणे दारातच बूट काढून भिंतीला लावून ठेवले, नासपतींचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला आणि उर्वी घरी आहे का, असं विचारलं. ती लायब्ररीत गेली आहे हे कळल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला. आसावरीला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. ही बाई या घरात यायची ती उर्वीसाठी. उर्वी नसल्याचं तिला बरं वाटलेलं आसावरीला आठवत नव्हतं.

आन मीरान ही उर्वीची तिरंदाजीची कोच. मूळची कोरियाची, वेल्श नवऱ्याबरोबर कार्डिफला येऊन राहिलेली, अडतीस वर्षांची, कमी बोलणारी. बोलणं इंग्रजीतूनच चालायचं, पण आसावरीला ती 'उर्वी-ओम्मा' अशी हाक मारायची, म्हणजे उर्वीची आई. त्यांच्याकडे अशीच पद्धत आहे, असं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आसावरीला त्यात नवल वाटलं नव्हतं. नागपूरला त्यांच्या कॉलनीत तिच्या आईला सगळे 'आसावरीची आई' असंच म्हणायचे. आईचं खरं नाव शैला आहे हे शेजाऱ्यांना बहुधा रेशन कार्डावरूनच कळलं असेल.

"उर्वी-ओम्मा," मीरान टेबलाशी बसत म्हणाली, "मला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला."

"अभिनंदन," आसावरी म्हणाली. "चहा ठेवते."

"थांबा. मी निवड स्पर्धेत उतरणार आहे. या वर्षीच्या. आधी तुम्हाला सांगायला हवं, मग उर्वीला, म्हणून आले."

आसावरीच्या हातातली जुडी तशीच राहिली. ऑलिंपिकला ब्रिटनच्या मुलींच्या तीन जागा होत्या. दोन जवळजवळ ठरल्यासारख्या होत्या, एक स्कॉटलंडच्या मुलीची आणि एक केंटच्या. तिसऱ्या जागेसाठी वर्षभर सगळ्यांच्या तोंडी उर्वीचं नाव होतं, आणि हे नाव तिथवर नेलं होतं समोर बसलेल्या या बाईनेच.

"पासपोर्टला अर्ज कधी केला होता?" तिने विचारलं.

"गेल्या वर्षी."

"म्हणजे वर्षभर तुम्हाला माहीत होतं."

"मिळेल की नाही, हे माहीत नव्हतं. मिळायच्या आधी बोलले असते तर उगाच पोरीच्या मनात भीती घातली असती."

यतीनने मध्ये पडून चहा केला. मीरानने तो सगळा संपवला, कप सिंकमध्ये नेऊन ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली. नासपती बरेच दिवस तशाच पडून होत्या.

मीरानची कहाणी आसावरीला तुकड्यातुकड्यांनी कळलेली होती, बरीचशी तिच्या नवऱ्याकडून, ह्यूकडून. डोंगरातलं लहान गाव, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. चौथीत असताना शाळेतल्या एका शिक्षकाने सगळ्या पोरींना भिंतीशी हात पसरून उभं केलं आणि लांब हातांच्या वेगळ्या काढल्या. त्यात ही. पहिले कित्येक महिने धनुष्य हातात दिलंच नाही, नुसतं रबर ओढायचं. मग वसतिगृह, पहाटेची धाव, शाळा, पुन्हा मैदान. बोटांची सालं निघायची, नवी यायची. एकोणिसाव्या वर्षी ती जगज्जेती झाली. गावातल्या रस्त्यावर आडवं कापड बांधून तिचं नाव लावलं, वडिलांच्या दुकानात लोक पंक्चर नसतानाही येऊन बसायला लागले.

पुढच्या वसंतात ऑलिंपिकची निवड. कोरियात ती निवड काही महिने चालते, आणि जगज्जेती असो नाहीतर काल आलेली शाळकरी पोर, सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात करायची. आधीच्या सुवर्णपदकाला तिथे काडीचीही किंमत नसते. या निवडीपेक्षा उरलेल्या सगळ्या जगाला हरवणं सोपं, असं तिथले खेळाडू हसत म्हणतात, पण गंमत म्हणून म्हणत नाहीत. मीरान चौथी आली. जागा तीन. गेलेल्या तिघींनी सुवर्ण आणलं. हिने वसतिगृहाच्या टीव्हीवर ते पाहिलं आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. चार वर्षांनी पुन्हा प्रयत्न, या वेळी सहावी. मग खांदा दुखायला लागला. एका शहराच्या नगरपालिकेच्या संघात काही वर्षं काढली आणि एक दिवस धनुष्य पेटीत ठेवून दिलं. तिथेच इंग्रजी शिकवायला आलेल्या ह्यूशी तिचं लग्न झालं.

कार्डिफला आल्यावर आपण कोण होतो हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती लेजर सेंटरला पोहायला जायची. तिथल्या हॉलमध्ये शनिवारी मुलांचा तिरंदाजीचा वर्ग असे. एका शनिवारी, ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल, ती थेट आत शिरली आणि एका अकरा वर्षांच्या मुलीचं कोपर दोन बोटांनी उचलून जागेवर ठेवलं. ती मुलगी उर्वी. बाहेर कॉफी पीत बसलेल्या आसावरीला वाटलं होतं, कोण ही बाई, हिला कुणी अडवत कसं नाही. पुढचा बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात लागला.

त्याला आता दहा वर्षं झाली होती.

उर्वीला मीरानने दुसऱ्या दिवशी मैदानावरच सांगितलं. उर्वी घरी आली, बूट काढले, फ्रीज उघडून दही खाल्लं. आसावरी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"कोच बोलला मला," उर्वी म्हणाली. उर्वीच्या मराठीत कोच पहिल्यापासून पुल्लिंगीच राहिला होता. दुरुस्त करून करून आसावरी थकली होती.

"मग?"

"मग काय. मला त्याला बीट करायला लागेल."

"आणि प्रॅक्टिस? ती कुणाकडे करणार तू?"

"कोचकडेच. अजून कोणाकडे?"

आसावरीला हे झेपेना. तिने यतीनपाशी विषय काढला. तो घरूनच एका इन्शुरन्स कंपनीचं काम करायचा, आणि घरातल्या भांडणांतही त्याचा आवाज मीटिंगमधल्यासारखाच खालच्या पट्टीत असे.

"जी बाई हिच्याशी लढणार, तीच हिला शिकवणार," आसावरी म्हणाली. "हे तुला बरोबर वाटतं?"

"उर्वीला वाटतंय ना."

"ती लहान आहे."

"ती एकवीस वर्षांची आहे. आणि तू मीरानला काय सांगणार? हर म्हणून?"

विषय तिथेच थांबला, पण आसावरीच्या डोक्यातून गेला नाही. ती मोठ्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होती. नागपूरच्या मेडिकल कॉलेजला ती स्वतःच्या मार्कांवर लागली होती, इथल्या परीक्षा स्वतःच्या जिवावर पास झाली होती, आणि आपण कुणाकडे शब्द टाकायला गेलो नाही, याचा तिला मनातून अभिमान होता. पार्टीत कुणी मुलाच्या ॲडमिशनसाठी ओळख काढायला लागलं की तिच्या कपाळावर आठी उमटायची. आणि आता थिएटरमध्ये पेशंटच्या उशाशी बसून मॉनिटरकडे बघता बघता ती वाक्यं जुळवत होती, मीरानशी कसं बोलायचं त्याची.

एका बुधवारी दुपारी ती लवकर सुटली आणि गाडी शहराबाहेरच्या मैदानावर नेली. उर्वीचं लेक्चर होतं, म्हणजे ती तिथे नसणार. मीरान एकटी सराव करत होती. वारा होता. आसावरी कुंपणाशी थांबली. लांबून तिला फक्त एक आवाज येत होता, बाण पुरेसा ओढला गेला की धनुष्यावरची बारीक पट्टी करते तो, टक्. आणि त्या टक् पाठोपाठ बाण सुटलेला. प्रत्येक वेळी तेवढाच अवधी, तीच मान, तोच खांदा. त्या खांद्याला चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या.

मीरान बाण काढायला लक्ष्यापाशी गेली तेव्हा आसावरी तिच्याबरोबर चालत गेली.

"मी एक विचारायला आले," ती म्हणाली. "नाही म्हणालात तरी चालेल. या वेळी तुम्ही थांबू शकाल का?"

मीरानने एक बाण मुळाशी धरून फिरवत काढला. मग दुसरा.

"नाही," ती म्हणाली.

आसावरी लक्ष्यापाशीच उभी राहिली.

"तुम्हाला वाटत असेल, मी काही मोठं कारण सांगेन. उर्वीच्या भल्यासाठी करते आहे, तिला कणखर करायचंय, असं काहीतरी. तसं नाही. मला जायचंय. एकोणीस वर्षांची होते तेव्हापासून जायचंय. मध्ये मला वाटलं होतं, ते संपलं. संपलं नव्हतं."

"आणि उर्वी?"

"उर्वीला मी मनापासून शिकवते. मला जायचंय, हेही मनापासूनच. यातलं एक काहीतरी खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं."

"तिच्या हातातून ही संधी गेली तर..."

"तर पुढची मिळेल, असं मी म्हणणार नाही," मीरान म्हणाली. "मला तसं म्हणणारे खूप होते." तिने शेवटचा बाण पुसला आणि भात्यात ठेवला. "मी माझा पासपोर्ट परत दिला, उर्वी-ओम्मा. आमच्याकडे दोन चालत नाहीत. वडिलांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, आणि मग हवेबद्दल बोलायला लागले."

आसावरीचा भारतीय पासपोर्ट घरी कपाटात होता, रद्द केल्याचा शिक्का मारून परत आलेला. तो आला त्या दिवशी तिने पाकीट उघडलं होतं आणि परत बंद केलं होतं. यतीनला दाखवलाही नव्हता. आपल्याला कुणीतरी एखादी जागा द्यावी म्हणून नाही, तर रांगेत उभं राहता यावं म्हणून मीरानने आपला पासपोर्ट दिला होता. हे आसावरीला कळत होतं. कळूनही राग कमी झाला नाही. ती गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ चावी फिरवली नाही.

आपण मैदानावर गेलो होतो हे तिने उर्वीला सांगितलं नाही. मीराननेही सांगितलं नसावं. दोघींचा सराव पूर्वीसारखाच चालू राहिला, उलट जास्तच. एकदा उर्वी उत्साहात घरी आली. वाऱ्यात तिचे बाण उजवीकडे जात होते, कितीतरी महिने कारण सापडत नव्हतं, ते मीरानला सापडलं. वारा आला की उर्वी नकळत श्वास धरून ठेवत होती आणि डावा खांदा केसभर वर चढत होता.

"कोच बघत होता, बघत होता, आणि मग नुसतं इथे बोट ठेवला," उर्वी स्वतःच्या खांद्यावर टेकवून दाखवत म्हणाली. "सगळे सरळ गेले, आई. सगळे."

आसावरी हसली, पण त्या दिवशी वरणाला फोडणी घालताना तिच्या मनात आलं, निवडीला दोन महिने राहिले असताना, प्रतिस्पर्ध्याचा इतका मोठा दोष आपल्याला दिसला, तर आपण बोललो असतो का? तिला उत्तर येत होतं आणि ते तिला आवडलं नाही.

निवड श्रॉपशरमधल्या एका मैदानावर होती. आसावरीने रजा टाकली. तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मास, घडीच्या खुर्च्या असं सगळं घेऊन ती आणि यतीन गेले. काही दिवस नुसते गुण जमा होत राहिले. शेवटच्या दिवशी सगळ्या एकमेकींशी एकेक सामना खेळणार होत्या. स्कॉटलंडची आणि केंटची मुलगी सगळ्यांना अपेक्षित होतं तशा वर निघून गेल्या. उरलेल्या एका जागेसाठी गुणांचा हिशोब अशा ठिकाणी आला की उर्वी आणि मीरान यांच्यातला सामना जी जिंकेल ती जाईल.

ढग खाली आले होते आणि वारा अंगावर येऊन थांबायचा, पुन्हा यायचा. दोघी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. लांबून पाहिलं तर एकीची सावली दुसरीत पडल्यासारखी वाटत होती. उभं राहणं तेच, हनुवटीला दोरी टेकवणं तेच, बाण सुटल्यावर हात मागे जाणं तेच. आसावरीला पहिल्यांदाच दिसलं की आपल्या मुलीच्या अंगात आपल्याकडून न आलेलं किती आहे.

सामना बरोबरीत गेला. एकेका बाणावर निकाल ठरणार होता. उर्वीने वारा थांबायची वाट पाहिली, खांदा खाली ठेवला, आणि नऊवर मारला. चांगला बाण होता. मीरानने धनुष्य उचललं तेव्हा वारा पुन्हा सुरू झाला होता. ती थांबली नाही. टक्, आणि दहा.

मीरान उर्वीकडे वळली. मिठी मारली नाही, खांद्यावर थोपटलं नाही. समोर उभी राहून कमरेतून पूर्ण वाकली आणि तशीच थोडा वेळ राहिली. उर्वीही वाकली. मग उर्वी आईबाबांकडे आली आणि म्हणाली, "गाडी कुठे आहे?"

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती. पुऱ्यांचा डबा तसाच घरी आला.

त्यानंतर काही आठवडे उर्वी मैदानावर गेली नाही. धनुष्याची पेटी जिन्याखाली पडून होती. मीरानचा फोन आला नाही, मेसेज आला नाही. आसावरीला त्याचाही राग आला. निदान चौकशी तरी करायची, ती यतीनला म्हणाली. पण उर्वीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको. बोलला असता तर मला रडू आला असता." मग एका सकाळी पेटी जिन्याखाली नव्हती. उर्वी कुठे गेली ते आसावरीला विचारावं लागलं नाही. मीरान तेव्हा ब्रिटिश संघाच्या सरावाला गेलेली होती. मैदानावर उर्वी एकटीच जायला लागली.

ऑलिंपिकमधला मीरानचा दुसरा सामना शनिवारी सकाळी टीव्हीवर दाखवणार होते. तिघं सोफ्यावर बसली. समोर कोरियाची मुलगी होती, विशीचीही नसेल. तिचं कपाळ घामाने चमकत होतं आणि डोळे शांत होते. मीरान वाईट खेळली नाही. एखाद्या दुसऱ्या देशाच्या मुलीशी असती तर त्या गुणांवर जिंकली असती. या मुलीने तिला कुठेही जागा दिली नाही. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

शेवटचा बाण लागला तेव्हा आसावरीला छातीत कुठेतरी हलकं वाटलं. तिला ते वाटलेलं कळलं, आणि 'बरं झालं' असं मनात कोण म्हणालं याची तिला ओळख पटायच्या आत शेजारून आवाज आला. उर्वी रडत होती. निवडीच्या दिवशी गाडीत रडली नव्हती, नंतर एकदाही रडली नव्हती, ती आता गुडघ्यांत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती. यतीनने तिच्या पाठीवर हात ठेवला. आसावरी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे उगाचच नळ सोडून उभी राहिली.

मीरान परत येणार त्या दिवशी ह्यू आईच्या आजारपणात कारमार्थनला अडकला होता. उर्वी म्हणाली, आपण आणायला जाऊ. आसावरीने गाडी काढली.

स्टेशनबाहेर मीरान बॅगांसकट उभी होती, संघाचं जाकीट घातलेली, उन्हाने काळवंडलेली. आसावरीला पाहून ती वाकली. उर्वीने तिची पेटी घेतली आणि दोघी मागे बसल्या. शहरातून गाडी निघाली.

"ती कोरियन मुलगी सामन्यानंतर तुमच्याशी काय बोलत होती?" उर्वीने विचारलं. "टीव्हीवर दिसलं."

"तिने विचारलं, तुम्ही कोरियन इतकं चांगलं कुठे शिकलात."

आरशात आसावरीला मीरानचा चेहरा दिसला. ती हसत होती, पण नीट पाहिलं तर तेवढंच नव्हतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, लहानपणी."

उर्वी हसली, मग थांबली. "पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेच्या निवडीला आपण दोघी आहोतच."

"मी नाही," मीरान म्हणाली. "माझं झालं. जायचं होतं, जाऊन आले. आता तुला शिकवते फक्त."

"आणि मी कुणाला हरवू?"

मीरानने मान वळवली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. उर्वीचा आवाज रागावलेला होता, आणि आसावरीला तो राग नवा नव्हता. लहान असताना खेळ अर्धा सोडून कुणी घरी निघालं की ती असंच बोलायची. सिग्नल लागला. आसावरीने मागे न वळता विचारलं,

"खांदा फार दुखतो का?"

"दुखतो, उर्वी-ओम्मा."

"आमच्याकडे खांद्यांची चांगली माणसं आहेत. सोमवारी बोलते मी त्यांच्याशी. बघून तर घेऊ."

"बघून काय करायचं?"

"अजून एक वर्ष खेळा," आसावरी म्हणाली.

हे आपण म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं. मग मीरान हळूच म्हणाली की खांदा वर उचलताना दुखत नाही, खाली आणताना दुखतो, आणि आसावरी नेमकं कुठे, किती दिवसांपासून, रात्री दुखतो का, असं एकेक विचारत गेली. सिग्नल सुटला. मीरानच्या घराकडचा रस्ता डावीकडे होता. आसावरीने गाडी सरळ स्वतःच्या घराकडे घेतली.